हौसरावाची ढेकळी

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय न्हाई. पंचेचाळीस वर्सं नुसतं "ह्ये" म्हणून काढली. पण आता सांगायलाच बसले तर घेते. हौसराव. मांडवगण फराट्याच्या शिवारात, घोडनदीच्या काठाला आमची वस्ती हाय. ह्या माणसानं उभ्या जन्मात मन लावून एकच काम केलं, ते म्हंजी ढेकळ्या बघायचं. शेती केली ती वडलांनी गळ्यात मारली म्हणून, लग्न केलं ते चुलत्यानं ठरवलं म्हणून. ढेकळ्या मात्र त्यांच्या स्वतःच्या.

ढेकळी म्हंजी घोडंच, पण गुडघ्याएवढं. हसताय व्हय? हसा. मीबी हसले व्हते. शिंगरू न्हवं, तट्टूचं पिल्लू न्हवं. पुरं वाढलेलं, पार म्हातारं झालेलं घोडं, आन् त्याची पाठ माझ्या गुडघ्याला लागायची. अंगाचा रंग नांगरलेल्या रानातल्या ढेकळाचा. उन्हाळ्यात राखाडी, पाऊस पडला की काळपट. म्हणून ढेकळी. आमच्या काठाला सोडून दुसरीकडं कुठं हायेत म्हणून कधी ऐकलं न्हाई. माझं माहेर दौंडकडं, भीमेच्या पल्याड, तिथं ढेकळीचं नाव काढलं तर लोक इचारायचे, कसली ढेकळी?

लगीन झालं ते इनामगावला जुनी घरं उकरणारे साहेब येत व्हते त्या सालात. पंधरा दिवस झाले आसतील. एका सकाळी ह्ये म्हणले, चल, नदीला जाऊ. मला वाटलं, नवी नवरी हाय, चार गोड शब्द बोलायचे आसतील, घरात सासूपुढं बोलता येत न्हाईत. केसाला तेल लावून, नवं लुगडं नेसून निघाले. ह्यांनी मला बाभळीच्या आडोशाला बसवलं आन् म्हणले, "गप." झालं. तेवढाच गोड शब्द. तासभर मुंग्या चावून घेतल्या. शेवटी मी तिरमिरून म्हणलं, "काय बघायचं हाय तरी काय? समोर सगळी ढेकळंच हायेत." आन् त्यातल्या एका ढेकळानं कान हलवला.

अगं बाई! मी किंचाळलेच. लगेच सगळी ढेकळं पुन्यांदा ढेकळं झाली. एक हलंना. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणाचा तरी खून केलाय. मग म्हणले, "भ्याली ती. भ्याली की पळत न्हाई ढेकळी. जाग्यावर थिजते. मान खाली, कान मागं, श्वाससुदिक दिसत न्हाई. लांडगा शेजारनं गेला तरी त्याला कळत न्हाई, हितं घोडं हाय म्हणून."

ही माझी पहिली शिकवणी. पुढं पंचेचाळीस वर्सं जेवताना हेच. ह्ये चौथी नापास, लिहिलेलं एक अक्षर न्हाई, सगळं डोक्यात, आन् डोक्यातलं ओतायला एकच भांडं, माझा कान. ढेकळी लव्हाळी खाते, कुंदा खाते, हरळी मात्र अगदी उपाशी आसली तरच. पाणी पिताना कळप एका ओळीत उभा ऱ्हातो, पोटुशी मादी मधी. पोटात पिल्लू तेरा महिने. माघात इते. दोन सालांत एकच पिल्लू, ते जगलं तर जगलं. नर चार वर्साचा झाला की दुसऱ्या कळपात जातो. कळपाला पुढारी नर नसतो, सगळ्यांत म्हातारी मादी आसती. नदीला उतार कुठं हाय, खारवट माती कुठं चाटायची, ते तिला एकटीला ठावं आसतंय, बाकीच्या तिच्या शेपटीकडं बघून चालतात. आन् रोज सकाळी म्हातारी आधी धुळीत लोळती, मग तिच्याच खड्ड्यात बाकीच्या लोळतात. त्यानं सगळ्यांच्या अंगाला एकच वास लागतो. ज्याला तो वास न्हाई ते परकं. त्याला चावून हाकलतात, मग ते पोटचं पिल्लू का आसंना.

"म्हणून हात लावायचा न्हाई," ह्ये म्हणायचे. "तुमच्या पोटात कितीबी माया आसू द्या, हात लावायचा न्हाई."

मी "व्हय" म्हणायचे आन् भाकरी उलटायचे.

माझा राग आसायचा, खोटं कशाला बोलू. पप्पूच्या वेळंला मला कळा सुरू झाल्या तवा ह्ये नदीला. का, तर तिकडंबी एक मादी इणार व्हती. शेजारच्या सुवर्णावैनीनं गाडी जुंपून मला मांडवगणला नेलं. ह्ये दुसऱ्या दिवशी आले, मिशीत हसत. "मादी झाली," म्हणले. मी म्हणलं, "मला मुलगा झालाय." तर म्हणले, "व्हय, ते बी कळलं."

त्या मादीचं नाव पुढं ह्यांनी धुरपदा ठेवलं. माझ्या सासूचं नाव! सासू जाऊन वर्स झालं व्हतं. मी म्हणलं, "आईचं नाव घोडीला ठेवताय, लोक काय म्हणतील?" ह्ये म्हणले, "चालणं तसंच हाय, बघ की." खरंच तसं व्हतं. मान कडक, कुणाकडं बघायचं न्हाई. सासू मेली तरी माझ्या नशिबातनं गेली न्हाई ती न्हाईच.

ह्यांचं ऐकून घेणारा आणखी एकच माणूस, शिरूरचा इक्बालभाई नालबंद. बाजाराच्या दिवशी मार्केट यार्डाच्या बाहेर बसून बैलाला, घोड्याला नाल ठोकायचा. त्यानं एकदा मेलेल्या ढेकळीचा खूर बघितला. पेल्याच्या बुडाएवढा. उलटसुलट करून म्हणला, "हौसराव, खूर पक्का घोड्याचा हाय. पण ह्याला नाल बसणार न्हाई. ह्याला कुणी नाल ठोकावा आसं देवालाच वाटलं नसंल." दोघं मग चहा ढोसत बसायचे आन् दुपार घालवायचे.

मी आले तवा काठाला तीनचार कळप व्हते. ह्ये म्हणायचे साठेक जनावरं आसतील. मग कालव्याचं पाणी आलं, लव्हाळी गेली, ऊस आला. उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या पाल्यावरबी जगल्या बिचाऱ्या. पण मग वाळूवाले आले. नदीत पुरुषभर, दोन पुरुष खड्डे. जिथं उतार व्हता तिथं डोह झाला. मग कोंबड्यांचे शेड आले, मेलेल्या कोंबड्या काठाला टाकायला लागले, त्यावर कुत्री माजली, वासराएवढी. रस्त्याकडच्या एका हॉटेलवाल्यानं दोन ढेकळ्या धरून नेल्या, बागेत पोरांना दाखवायला. तीन दिवस त्यांनी तोंडाला पाणी लावलं न्हाई. चौथ्या दिवशी मेल्या. ह्ये त्या हॉटेलासमोर जाऊन रडले, येडं म्हणून लोकांनी हाकललं.

शेवटी एकच कळप ऱ्हायला. सात. पुढं धुरपदा, पार थकलेली. पण त्या खड्ड्यांच्या मधनं नदी कशी पार करायची ते तिनं हुडकून काढलं व्हतं. ह्ये मला सांगायचे, "वाकडीतिकडी वाट हाय, ईतभर चुकलं तर गडप. पण म्हातारी चुकत न्हाई."

आमची सून शितल शिकलेली. तिनं ह्यांच्या नावानं पुण्याला जंगलखात्याकडं अर्ज धाडला, फोनवर काढलेला व्हिडिओबी जोडला. त्या व्हिडिओत नुसती ढेकळं दिसत व्हती ते सोडा. पण वर्सभरानं उत्तर आलं! पाहणीला समिती येणार. रानटी कळप हाय आसं डोळ्यांनी दिसलं, तर काठ राखीव करायचा, वाळू बंद, शेड मागं हटवायचे. ह्ये चिठ्ठी दहादा वाचून घेत व्हते शितलकडनं. मला म्हणले, "सिंधे, वाचल्या गं. माझ्या डोळ्यांदेखत वाचल्या." सत्तरीचा माणूस, पोरागत अंगणात फिरत व्हता.

समितीचा दिवस ठरला तो नेमका भादवी पोळ्याचा. आदल्या दिवशी समितीच्या म्याडमनी ह्यांना शिरूरला बोलावलं, कागद भरायचे म्हणून. रात्री इक्बालभाईकडं ऱ्हायचं, सकाळी त्यालाबी साक्षीला घेऊन त्यांच्याच जीपमधनं यायचं. पप्पू-शितल रांजणगावला कंपनीच्या खोलीवर. घरात मी एकटी. निघताना ह्ये म्हणले, "म्हातारी मोरीपाशी आली तर येऊ दे. हुसकू नगं." चार दिवस झाले व्हते, धुरपदा संध्याकाळची आमच्या न्हाणीच्या मोरीजवळ यायची, खारी माती चाटायला. नदीकाठची माती वाळूवाल्यांनी नेली व्हती ना.

"न्हाई हुसकत," मी म्हणलं. "तुमच्या आईला मी कवा हुसकलं?"

ह्ये हसले. एस.टी.त बसूनसुदिक हसत व्हते.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं खांदेमळणी आसती. वर्सभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, त्याला गरम पाण्यानं शेकायचं, तूप-हळद चोळायची, म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. लग्नापास्नं हे काम माझं. पण बैल विकून चार वर्सं झाली. ट्रॅक्टर भाड्यानं येतो. चार वर्सं मी मातीच्या बैलाच्या खांद्याला बोट लावून गप बसत व्हते. त्या दिवशीबी वाटीत हळद-तूप कालवलं. नेहमीच्या अंदाजानं कालवलं, दोन बैलांचं. मातीच्या बैलाला लागतंय किती? वाटी भरलेलीच ऱ्हायली. आन् बाहेर आले तर मोरीपाशी धुरपदा.

तिला बघून मला काय झालं, सांगता येत न्हाई. इतकी वर्सं जिचा हेवा केला, ती पार हाडकुळी झालेली. पप्पूच्याच दिवशीची ती. आपल्यागतच झालीय, आसं वाटलं. आन् उद्या तिच्यासाठी पुण्याहून माणसं येणार. पाहुणे यायचे आन् घरची म्हातारी अशी मळकी? मला आठवलं न्हाई का, हात लावायचा न्हाई म्हणून? आठवलं. पण मनात आलं, ती आपणहून दारात आलीय. दारात आलेल्या जनावराला खांदेमळणीच्या दिवशी तसंच पाठवायचं व्हय?

मी हळूहळू जवळ गेले. ती हलली न्हाई. खांद्याला हात लावला. हलली न्हाई. मला इतकं बरं वाटलं! म्हणलं, म्हातारे, मला ओळखतेस की. म्या सगळी वाटी तिला चोळली. खांदा, पाठ, आयाळ, कपाळ. ऊन पाण्यानं पाय शेकले. तोंडानं म्हणलंसुदिक, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. बैल खांदा मळताना मान सोडतो, डोळे मिटतो. तिनं मान खाली घातली व्हती, कान मागं. डोळे उघडे व्हते. मला वाटलं, तिला आवडतंय.

तिला आवडत नव्हतं. ती थिजली व्हती. भ्याली की ढेकळी पळत न्हाई, हे जगात तीन माणसांना ठावं व्हतं आन् त्यातली एक मी. माझ्याच हाताखाली ती मरणाच्या भ्यानं उभी ऱ्हायली आन् मी आवतण देत हळद लावली.

सकाळी उजाडता उजाडता नदीकडनं कुत्र्यांचं ऐकू आलं. मी काठी घेऊन पळाले. मी त्या दिवशी पळाले तशी आयुष्यात पळाले न्हाई. नांगरलेल्या रानात सहा ढेकळ्या एका बाजूला, आन् धुरपदा एकटी अलीकडं. ती लंगडत कळपाकडं जाई, आन् तिच्याच पोरी, नाती दात काढून तिच्यावर धावत. मानंला, कानाला चावल्याचं रगत. तिच्या अंगाला माझा वास व्हता. तुपाचा, हळदीचा. ती धुळीत लोळली आसंल रातभर, तरी तूप निघालं न्हाई, नुसता चिखल झाला व्हता पिवळा.

तेवढ्यात कुत्री आली. आन् सगळ्या थिजल्या, जशा थिजायच्या. सहा ढेकळं झाली. सातवी झाली न्हाई. काळ्या रानात ती पिवळीधमक उभी, मान खाली, कान मागं, तिला वाटत व्हतं आपण दिसत न्हाई.

मी पोचेपर्यंत संपलं व्हतं. मी कुत्र्यांना मारलं, दगडं घातली, किंचाळले. माझ्या किंचाळण्यानं त्या सहा बिथरल्या. पळत न्हाईत म्हणतात, त्या दिवशी पळाल्या. नदीकडं. पुढं कुणी नव्हतं. मी हाका मारल्या, "आगं तिकडून न्हाई, तिकडून न्हाई!" माझी हाक त्यांना काय कळणार. खड्ड्यात पहिली गेली, तिच्या शेपटीकडं बघत दुसरी गेली. सहाच्या सहा. पाण्यावर चारदोन बुडबुडे आले आन् पाणी जसं व्हतं तसं झालं. धारेनं खाली भीमेकडं नेल्या आसतील.

जीप आली तवा मी धुरपदाचं डोकं मांडीवर घेऊन बसले व्हते. हळदीनं पिवळे झालेले हात पालथे घालून, पदरात. हौसराव पुढच्या सीटवरनं उतरले. नवी टोपी. त्यांनी धुरपदाकडं बघितलं, मग रानाकडं, मग नदीकडं. मग माझ्या पदराकडं. पंचेचाळीस वर्सं त्यांनी मातीत खुरांचे ठसे वाचले, त्यांना माझ्याकडं बघून कळायला किती वेळ लागणार?

म्याडम चांगली बाई व्हती. खाली बसून तिनं धुरपदाच्या पायाला टेप लावला. तिचे डोळे मोठे झाले. म्हणली, "बाबा, असं जनावर मी कधी पाहिलं नाही. हे पुण्याला न्यावं लागेल." मग तिनं बोट लावून बघितलं. "ही हळद आहे ना? कुणी लावली?"

बरोबरचा साहेब वही उघडून म्हणला, "रानटी प्राणी असेल तर त्याला हात लावणं, रंगवणं गुन्हा आहे. त्यातून असा दुर्मिळ, आणि त्यामुळे मेलेला. जबाब घ्यावा लागेल. घरात कोण होतं काल?"

मी तोंड उघडलं. मी सांगणार व्हते, देवाशप्पथ. पण हौसराव माझ्या पुढं येऊन उभे ऱ्हायले.

"पाळलेलं हाय," ते म्हणले. "माझं हाय. तट्टूचं खुरटं पिल्लू, बाजारातनं आणलेलं. पोळा हाय, म्हणून म्याच हळद लावली."

इक्बालभाई म्हणला, "अरे हौसराव, काय बोलतोस..." ह्यांनी त्याचं मनगट कचकन धरलं.

म्याडम म्हणली, "आणि कळप? अर्जात सात लिहिलेत. तुम्ही काल शिरूरला मला दोन तास सांगत होतात, तेरा महिने, माघात पिल्लं..."

"थापा मारल्या," हौसराव म्हणले. "वाळूवाल्यांशी माझं भांडण हाय. त्यांना हटवायचं म्हणून रचलं सगळं. ढेकळी म्हणून जनावर नसतंय, म्याडम. तुमचा येळ घालवला, माफ करा."

तिला खरं वाटलं नसावं. म्हणली, "निदान थोडे केस तरी घेऊ द्या." ह्ये म्हणले, "माझं जनावर हाय, मी पुरणार." साहेबानं लिहून घेतलं, ह्यांनी सही केली.

जीप गेली. मी त्यांचे पाय धरले. म्हणलं, "मला जेलात जाऊ द्यायचं व्हतं वो. का आसं केलं? तुमचा सगळा जन्म पुसला की."

ते खड्डा खणत व्हते. मान वर न करता म्हणले, "त्या गेल्या, सिंधे. तू हायेस."

दुसऱ्या दिवशीपास्नं ते आठ दिवस एस.टी.नं दौंडकडं जाऊन भीमेचा काठ हुडकत व्हते, एखादी वाहून लागली आसंल म्हणून. काय सापडलं न्हाई. त्यानंतर ढेकळी हा शब्द त्यांच्या तोंडातनं आला न्हाई. जेवतात, औषध घेतात, मला चहा करून देतात. वाळूवाल्यांची मशीन आता रानाच्या बांधापत्तुर आलीय. इक्बालभाई एकदा आला, दोघं ओट्यावर बसले आन् पाऊसपाण्याचं बोलून तो उठून गेला.

मला सहन झालं न्हाई. गेल्या महिन्यात मी एकटी पुण्याला गेले, इचारत इचारत त्या म्याडमच्या हापिसात. म्हणलं, म्या मारलं, लिहून घ्या. रानटीच व्हतं ते. सात व्हत्या, मी सांगते ना, कळपाला म्हातारी पुढारी आसती, लव्हाळी खातात, दोन सालांत एक पिल्लू. मला सगळं पाठ हाय, इचारा काय बी. म्याडमनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकलं. मग कपाटातनं तो कागद काढला, त्याच्यावरची हौसरावाची सही मला दाखवली, आन् म्हणली, "आजी, ह्याच्यापुढं मी काय लिहू?"

मी तिथं रडले. भर हापिसात, लोकांदेखत, पदर तोंडात कोंबून. घरी आले तर ह्ये ओट्यावर बसले व्हते. "बाजारला गेली व्हतीस?" म्हणले. मी "व्हय" म्हणलं. ते आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवायला लागले. एकदा तरी म्हणावं ह्या माणसानं, सिंधे, तू मारलंस. म्हणत न्हाईत वो. साखर इचारतात.